पंधराचं इंजिन

त्याला सगळे मापाडी म्हणत. धान्याच्या बाजाराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तलावाच्या धक्क्याला लागून, जिथे बोटी पाण्यात सोडतात त्या उताराशेजारी, त्याचं इंजिनांचं दुकान होतं. लहान बोटींच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ती इंजिनं. लाकडी घोड्यांवर ती ओळीनं टांगलेली असत, मागे दुरुस्तीचं टेबल, आणि दारातच, गिऱ्हाइकाला वळसा घालूनच आत यावं लागेल अशा बेतानं मांडलेला एक जुना वजनकाटा. बंद पडलेल्या कुठल्याशा गोदामातून त्यानं तो उचलून आणला होता. पायाशी पत्र्याचा पाट, बाजूला खांब, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकवायचं लोखंडी वजन. काटा पोती तोलायचा, पण मापाडी त्याच्यावर माणसं तोलायचा.

कुणी येऊन विचारलं, "बोट लहान आहे, घरच्यांना फिरवायचंय, किती पॉवरचं इंजिन घेऊ?" की तो उत्तर द्यायचाच नाही. म्हणायचा, "चढा."

गिऱ्हाईक हसत हसत चढायचं. मग मापाडी म्हणायचा, "आता घरच्यांना घेऊन या." इथे मात्र हसू मावळायचं. बायको, पोरं, सासू, बरोबर न्यायचा डबा, पाण्याचे कॅन, कुत्रा असला तर कुत्रासुद्धा, सगळं पाटावर चढल्याशिवाय तो इंजिनाला हात लावू द्यायचा नाही. त्या बेरजेत बोटीचं वजन, इंधनाच्या टाकीचं, खुद्द इंजिनाचं. शिवाय बोटीवरची पत्र्याची पट्टी वाचायला तो स्वतः जायचा, कारण या बोटीला जास्तीत जास्त किती पॉवर झेपेल ते बनवणाऱ्यानं तिथे कोरलेलं असतं. मग कागदावर भागाकार. त्याचा आडाखा सरळ होता. एका हॉर्सपॉवरनं पंचवीस किलो सुखानं न्यावेत, अगदीच ताणलं तर तीस.

"अहो, इंजिन विकताय की मुलीचं स्थळ बघताय?" एक जण वैतागून म्हणाला होता.

"स्थळ चुकलं तर माणूस घरी परत तरी येतं," मापाडी म्हणाला. "तलावाच्या मध्यावर इंजिन चुकलं तर कुठे जाल?"

एकदा एका ठेकेदाराला, पट्टीवर तीस लिहिलेल्या बोटीला चाळीसचं इंजिन हवं होतं. का, तर शेजाऱ्याकडे तीसचं होतं. मापाडीनं त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि इंजिन काही दिलं नाही. कमी पॉवर घेतली तर बोट नाक वर करून, शेपूट ओढत चालते. जास्त घेतली तर मागची फळी खचते आणि चालवणाऱ्याच्या अंगात वारं शिरतं. बोटीला झेपेल एवढंच आणि बोटीला पुरेल एवढं. ही एवढी एक गोष्ट मापाडीला जगात नक्की कळत होती, आणि ती तो कुणासाठीही सोडत नसे. धंदा त्यामुळे बेताचा होता, पण त्याचा शब्द धक्क्यावर चालायचा.

सगळ्या गावाला त्यानं पाटावर चढवलं, फक्त एका माणसाला चढवता आलं नाही. त्याच्या बायकोला.

ती शिवणकाम करायची. दुकानामागच्या गल्लीतच त्यांचं घर, घराची पुढची खोली म्हणजे तिचं शिवणयंत्र, कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकणारे अर्धवट झगे. अंगानं चांगली भरलेली, हसली की खुर्ची करकरायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मापाडी तिला काट्याकडे बोट दाखवून "चढ" म्हणाला होता. ती म्हणाली, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" आणि तो विषय त्या दिवशी जो मिटला तो मिटलाच. पुढे कुणी छेडलं तर म्हणायची, "ते किलोत मोजतात, मी इंचांत मोजते. आणि मी मापं मोठ्यानं ओरडत नाही." ते खरं होतं. तिच्या गिऱ्हाईक बायकांची मापं ती ओठ मिटून लिहायची आणि वही उलटी ठेवायची.

दर रविवारी सकाळी घरची बोट निघायची. तेरा फुटी, ॲल्युमिनियमची, दोन ठिकाणी पोचे आलेली. पुढच्या बाकावर मुलगी आणि जावई, मागच्या बाकावर इंजिनाचा दांडा धरून मापाडी, आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बायको. जड माणसानं बोटीत पुढे बसावं, मागे बसलं की शेपूट खाली जातं, हे तो जगाला शिकवायचा. घरात शिकवायची त्याची टाप नव्हती. "पुढे पाणी उडतं," ती म्हणायची. "आणि तिथून तुमच्याशी बोलायला बोंबलावं लागतं."

त्या वर्षी थंडीत बोटीचं जुनं वीसचं इंजिन कायमचं बसलं. नवं कितीचं घ्यायचं यावर घरात आठवडाभर खल चालला.

जावई मोटारींच्या शोरूममध्ये कामाला होता. मोठ्या इंजिनांचा त्याला फार सोस. "बाबा, पट्टीवर पंचवीस लिहिलंय ना? मग पंचवीसच घ्या. कमी कशाला?"

"जावईबापू, लिफ्टमध्ये दहा माणसं असं लिहिलेलं असतं," मापाडी म्हणाला. "म्हणून तुम्ही आणखी नऊ जण गोळा करून वर जाता का?"

मग त्यानं कागद ओढला. स्वतः बासष्ट. मुलगी अठ्ठावन्न. जावई शहात्तर. तिथे पेन्सिल थांबली. आतून शिवणयंत्राचा आवाजही थांबला.

"बहात्तर लिहा!" आतून हुकूम आला.

जावई छताकडे बघू लागला. मुलीनं पदार्थ तिखट लागल्यासारखं नाक ओढलं. बायको ऐंशीच्या बरीच वर आहे हे मापाडीला बोटीच्या शेपटावरून वर्षानुवर्षं ठाऊक होतं. पण संसारही चालवायचा होता. त्यानं बहात्तर लिहिले. जाणूनबुजून लिहिलेलं हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं खोटं वजन. माणसं दोनशे अडुसष्ट, बोट, इंजिन, टाकी आणि सामान मिळून एकशे सत्तर. भागिले पंधरा, एकोणतीस आणि वर थोडं. तीसच्या आत.

"पंधराचं पुरतं," तो म्हणाला. "हलकं आहे, जुन्या फळीला बरं."

"नाही पुरणार," जावई म्हणाला.

"पुरेल."

एप्रिलमध्ये चाचणी झाली आणि मापाडीचं नाक कापलं गेलं. बोट उठेचना. उठणं म्हणजे काय, तर वेग वाढला की बोटीचं आभाळाकडे गेलेलं नाक खाली येतं आणि ती पाणी फाडायचं सोडून पाण्यावरून घसरायला लागते. पूर्ण जोर दिल्यापासून ते होईपर्यंतचे सेकंद मापाडी मोजायचा आणि एका निळ्या वहीत तारखेसकट टिपून ठेवायचा. त्या दिवशी त्यानं साठापर्यंत मोजलं. जावई मागे वळून बघत नव्हता, पण त्याच्या कानांवरूनसुद्धा कळत होतं की तो हसतोय. मापाडीनं वहीत लिहिलं, "उठत नाही."

पुढच्या आठवड्यात त्यानं इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा बदलला. कमी वेगाचा पण जास्त ओढीचा पंखा लावला. बावीस सेकंदांत बोट उठली, रडतखडत का होईना. तो बायकोला म्हणाला, "तू जरा पुढच्या बाकावर बसलीस तर..." ती नुसती बघत राहिली.

आणि मग चमत्कार व्हायला लागला. जूनमध्ये सतरा सेकंद. जुलैत चौदा. मापाडीला वाटलं, नवं इंजिन हळूहळू मोकळं होतंय. सप्टेंबरात नऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सहा! सहा सेकंदांत बोट अशी उठली की पुढच्या बाकावर जावयाची टोपी उडाली. मापाडी मोठ्यानं हसला, दांड्यावर थाप मारून म्हणाला, "शाब्बास!" वहीतही प्रत्येक आकड्यापुढे त्यानं तेच लिहिलं होतं. शाब्बास. शाब्बास.

त्या मोसमात त्याला दुसरा विषय नव्हता. धक्क्यावर कुणी भेटलं की पंधराची गोष्ट. गिऱ्हाइकांना तो वही उघडून दाखवायचा. "चार माणसं, पंधराचं इंजिन, सहा सेकंद. हे असतं नीट निवडणं!" जावयानंही शेवटी हात जोडले. बायको बाजूला बसून ऐकायची आणि म्हणायची, "तुमचं इंजिन हुशार आहे हो." तिच्या गिऱ्हाईक बायका तिला म्हणायच्या, बारीक झालात. ती सांगायची, चहातली साखर सोडली. मापाडीनं ते ऐकलं होतं. त्याला वाटलं, बरंय. रोज समोर असलेल्या माणसाकडे कोण बघतं? चेहरा तिचा गोलच होता, आणि कपडे तर नेहमीसारखेच अंगाला नेटके बसलेले.

नोव्हेंबरात मेहुणी राहायला आली. दोघी बहिणी एका साच्यातून काढलेल्या, तीच बांधणी, तोच आवाज, तरुणपणापासून एकमेकींचे कपडे घालणाऱ्या. रविवारी बोटीची वेळ झाली तर बायको म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला उद्या एक झगा द्यायचाय." मेहुणी खूश झाली. धप्पकन मागच्या बाकावर बसून म्हणाली, "भाऊजी, आज मी ताईच्या गादीवर!"

धक्का सोडल्यावर मापाडीनं पाहुणीला थाट दाखवायचा म्हणून पूर्ण जोर दिला. नाक वर गेलं. सवयीनं तो मनात मोजत होता. सहा. दहा. पंधरा. नाक वरच. जावयानं मागे वळून पाहिलं. विसाला मापाडीनं दांडा आणखी पिळून पाहिला. तेविसाला बोट कशीबशी उठली.

त्यानं इंजिन बंद केलं, वर उचललं. पंख्याला शेवाळ नव्हतं, दोरा नव्हता. टाकीचं झाकण, नळी, सगळं जागच्या जागी. बोटीत पाणी शिरलेलं नव्हतं. वारा नव्हता. परत जोर दिला. परत तेवीस.

"बाबा, मी म्हणत होतो ना, पंचवीसचं..." जावई बोलायला लागला, तेवढ्यात मुलीनं त्याला कोपरानं ढोसलं.

धक्क्याला लागल्यावर मापाडीनं कुणाला घरी जाऊ दिलं नाही. दुकान उघडलं आणि म्हणाला, "चढा सगळे." काहीतरी चुकतंय आणि ते सापडलंच पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मुलगी चढली, अठ्ठावन्न. जावई सत्त्याहत्तर. "एक किलो सासूबाईंच्या हातचा," तो म्हणाला. मापाडी स्वतः चढला, बासष्ट. मेहुणी न सांगताच पाटावर उभी राहिली.

"मला नाही बाई लाज वाटत," ती म्हणाली. "बघा नीट. मी आणि ताई एका मापाच्या. तिनं एवढी वर्षं लपवलं ते आज माझ्यावरून कळेल तुम्हाला!"

लोखंडी वजन सरकत सरकत चौऱ्याऐंशीवर आलं आणि दांडी तरंगली. मेहुणी हसत सुटली. मुलगी हसली. मापाडीनं खिशातून निळी वही काढली आणि मागची पानं उलटली. एप्रिल. नवा पंखा. चार माणसं. बावीस सेकंद.

तो काट्याला धरून उभा राहिला. एप्रिलमध्ये त्या बाकावर चौऱ्याऐंशी किलो होते तेव्हा बावीस. आज चौऱ्याऐंशी किलो आहेत तर तेवीस. म्हणजे इंजिन काही हुशार नव्हतं. पंखाही नाही, आणि तो स्वतः तर मुळीच नाही. बाविसाचे सहा झाले ते बाकावरचं माणूस कमी कमी होत गेलं म्हणून. गुडघ्याला गुडघा लावून ती बसायची, आणि दर रविवारी थोडी कमी बसायची, आणि तो मोजायचा, आणि म्हणायचा शाब्बास.

"भाऊजी, काय झालं?" मेहुणीनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "इंजिन बघतो. तुम्ही व्हा पुढे, बाजारातून काही आणायचं असेल तर आणा."

तो एकटाच घरी आला. बायको यंत्रावर पाय टेकवून बसली होती, यंत्र चालू नव्हतं. रविवारचा तिचा निळा झगा दारामागच्या खिळ्यावर होता. मापाडीनं तो काढला आणि उलटा केला. त्याला शिवणातलं काही कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं. बाजूच्या शिवणीला एक टीप होती, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, आणि तिच्याही आत चौथी. टिपांबाहेर उरलेलं कापड तसंच आत दुमडून ठेवलेलं होतं.

"हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या हातातल्या झग्याकडे पाहिलं. लपवायची वेळ गेली होती.

"मेपासून. आधी बरंच वाटलं हो. आयुष्यभर उतरलं नाही ते आपोआप उतरतंय. मग जेवण जाईना. आता पाठीत दुखतं, मधूनमधून."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगणार होते. पण दर रविवारी तुम्ही एवढे खूश होऊन यायचात. पंखा असा, इंजिन तसं. म्हटलं, या रविवारी नको, पुढच्या रविवारी सांगू."

मापाडीला संताप आला. तिचा आला, आणि तिच्यापेक्षा शंभरपट स्वतःचा. तो कापायच्या टेबलाशी स्टुलावर बसला, झगा मांडीवर.

"उरलेलं कापड कापून का नाही टाकलंस?" त्यानं विचारलं. का विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

"परत भरले तर उसवता येईल म्हणून," ती म्हणाली.

मग तीच उठली, चपला पायात सरकवल्या. "चला. तोला एकदाचं."

दुकानाचं शटर त्यानं अर्धं ओढलं. लग्नाच्या एकतीस वर्षांनी ती पहिल्यांदा पाटावर चढली. खांबाला एका हातानं धरून, समोर बघत, शाळेत उंची मोजायला उभं राहावं तशी. मापाडीनं वजन चौऱ्याऐंशीवर ठेवलं. दांडी खट्कन पडली. ऐंशी. पंचाहत्तर. बहात्तरवर आणून त्यानं दांडीकडे पाहिलं, निदान इथे तरी तरंगेल असं त्याला वाटलं होतं. नाही तरंगली. त्यानं एकेक खाच मागे घेतली. एकसष्टवर दांडी हळूच वर आली आणि हलत राहिली.

"किती?"

"एकसष्ट."

"बघा," ती म्हणाली. "बहात्तर म्हटलं तेव्हा सगळे हसलात. मी तर त्याहून कमी भरले."

तो हसला. खरंच हसला, कारण ती तशी बोलली की त्याला हसू यायचंच. आणि मग खांबाला कपाळ टेकवून रडायला लागला. ती पाटावरून उतरली नाही. तशीच उभी राहून त्याच्या पाठीवर थोपटत राहिली, तेवढ्यानं दांडी वरखाली होत होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं मुलीएवढ्या होत्या. तपासण्यांचे कागद त्यांच्यासमोर पसरलेले. पोटात, मागच्या बाजूला गाठ आहे, एवढं त्यांनी सांगितलं होतं आणि त्यापुढचंही थोडंफार. मग त्यांनी विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?"

"दोनेक महिने झाले असतील," बायको म्हणाली.

मापाडीनं निळी वही टेबलावर ठेवली. काय आहे ते त्यानं समजावून सांगितलं. बोट, चार माणसं, त्यातल्या तिघांची वजनं कायम, आणि हे सेकंद. त्यानं तारखा वाचायला सुरुवात केली. "जून, सतरा. जुलै, चौदा. सप्टेंबर, नऊ." आकड्यापुढचा शब्द तो वाचत नव्हता. पण वही उघडी होती. डॉक्टरीणबाईंनी ती स्वतःकडे वळवून घेतली आणि खालपर्यंत वाचली. मग तारखा आपल्या कागदावर उतरवून घेतल्या. आधी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं, असं मापाडीला वाटलं. निदान कुणीतरी रागावलं तरी असतं.

औषधाचा डोस ठरवायला नर्सनं बायकोला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. "चपला काढून घ्या," मापाडी म्हणाला. "हातातली पिशवी पण." नर्स जरा चमकली. डोस किती असतो, तो जास्त देता येत नाही का, त्यानं लवकर बरं नाही का वाटणार, असं त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"जास्त दिला तर शरीराला झेपणार नाही," त्या म्हणाल्या. "कमी दिला तर उपयोग नाही."

आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसून हेच वाक्य मापाडीनं लोकांना ऐकवलं होतं.

थंडी औषधांत गेली. मुलगी रोज यायची. जावयानं पंचवीसचा विषय पुन्हा काढला नाही. एकदा दुकानात येऊन तो उगाचच सगळी इंजिनं फडक्यानं पुसून गेला. मापाडी गिऱ्हाइकांना चढा म्हणायचा, पण बेरीज चुकायची, परत करावी लागायची. घरी तो बायकोला खायला घालायचा. चमचा हातात घेऊन समोर बसायचा, ती दोन घास खायची आणि मान हलवायची. इतकी हत्यारं त्याच्या टेबलावर, आणि एकाचाही उपयोग नव्हता. त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

मार्चच्या एका रविवारी ती स्वतःच म्हणाली, "बोट काढा."

"डॉक्टरांना विचारून..."

"बोट काढा म्हटलं ना."

निळा झगा घालून ती आली. जावयानं हात दिला. मुलगी म्हणाली, "आई, आज पुढे बस ना, मी मागे बसते." ती म्हणाली, "पुढे पाणी उडतं." आणि आपल्या जागेवर, मापाडीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. गुडघा त्याला कापडातून टोचला. मुलगी आणि जावई पुढच्या बाकावर पुढे तोंड करून बसले, आणि कुणीच मागे वळून पाहिलं नाही.

धक्का मागे पडल्यावर मापाडीनं इंजिन मंद ठेवलं. तलाव सपाट होता. बोट चालत्या माणसाच्या वेगानं जात राहिली.

"असं काय?" ती म्हणाली. "जोर द्या की. चाचणी नाही घ्यायची?"

"राहू दे आज."

"द्या."

त्यानं दांडा पिळला. पूर्ण. आयुष्यात पहिल्यांदा तो बोटीला मनातून विनवत होता, उठू नको. नाक वर गेलं. उठू नको, जरा थांब, जरा शेपूट ओढ. तिनं हात त्याच्या मांडीवर ठेवला होता, आणि तिचं एक बोट तिथे हळूहळू टेकत होतं. एक. दोन. तीन. चार. नाक खाली आलं, पाण्याचा आवाज बदलला, आणि बोट पाण्यावरून घसरायला लागली. तिचं बोट थांबलं.

मापाडी समोर बघत राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण वाऱ्यानं ते सगळ्यांच्याच येतं.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"अकरा," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग हात मांडीवरून न काढता समोर बघितलं.

"मीही अकराच मोजले," ती म्हणाली. "लिहून ठेवा."

घरी आल्यावर त्यानं निळी वही उघडली, तारीख घातली आणि तिच्यासमोर बसून अकरा लिहिले.